लपायचं तर आवडीत नको

अमेरिकेतल्या बाईला जिवाच्या भीतीने लपायची वेळ आली की ती लहान गाव गाठते, हे मला नोरा रॉबर्ट्सबाईंनी शिकवलं. आपल्याकडे अशा वेळी माणूस मुंबईला पळतो. पतपेढीचं कर्ज थकवलेला, बारावीला गटांगळी खाल्लेला, घरच्यांना न पटणारं लग्न ठरवून बसलेला, सगळे रात्रीच्या एकाच गाडीत भेटतात. दादरला उतरलेल्या माणसाला ‘तू कुणाचा रे?’ असं कोणी विचारत नाही, एवढाच त्यांचा आधार. लहान गावात हा प्रश्न एसटी पुरती थांबायच्या आत खिडकीतून आत येतो. तरीही इंग्रजी रोमँटिक सस्पेन्स कादंबऱ्यांतली नायिका नेमकं एवढुसं गाव हुडकते, गावाबाहेरचं झाडीतलं एकटं घर घेते, कड्या लावते आणि ‘सुटले’ म्हणते. पुढची तीनशे पानं ती का सुटली नाही याची असतात.

मी म्हणते ती नोराबाईंची कादंबरी ‘द विटनेस’, २०१२ सालची. मी राहते त्या आवडीहून चेन्नईला जाणारी लोकल जिथे संपते, त्या स्टेशनाला मूर मार्केट कॉम्प्लेक्स म्हणतात. मूर मार्केट म्हणजे जुन्या मद्रासचा जुन्या पुस्तकांचा बाजार. १९८५ साली तो जळाला. नाव स्टेशनाला राहिलं आणि पुस्तकवाले जवळच दुसरीकडे हलले. तिथल्या ढिगातून मी ही कादंबरी उपसली. जुन्या पुस्तकाची गंमत अशी, की आपल्या आधी कोणीतरी ते वाचून, संतापून, पेन्सिलीने शेरे मारून ठेवलेले असतात. यातले शेरे तमिळमध्ये होते. गावचा पोलीसप्रमुख पहिल्यांदा पानावर येतो, तिथे समासात एकच शब्द होता. शेजारच्या मामींना दाखवला, तर त्यांनी चष्मा न लावता वाचला: ‘माप्पिळ्ळै’. म्हणजे जावई. सस्पेन्स संपला. पण या प्रकारच्या कादंबरीत हा सस्पेन्स कधी नसतोच. खून कोणी केला ते शेवटी कळतं. लग्न कोणाशी होणार ते मात्र मुखपृष्ठावरच्या खांद्यांवरून कळतं.

कथा सांगते. शिकागोतली एलिझाबेथ सोळा वर्षांची. आई मोठी सर्जन. तिने मुलीचं जेवण, कपडे, अभ्यास आणि पुढचं डॉक्टर होणं, सगळं आधीच वेळापत्रकात बसवलेलं. मुलगी या वयात हार्वर्डमध्ये पोचलेली, पण तिला कोणी विचारून काही केलेलं नाही. हे वाचताना अमेरिकन वाचकाच्या अंगावर काटा येत असणार. पुण्याच्या वाचकाला मात्र बराच वेळ कळणार नाही, की यात अडचण काय आहे आणि कथा सुरू कधी होणार.

ती अशी सुरू होते. एलिझाबेथ एकदा बंड करते. केस कापते, काळे करते, खोटं ओळखपत्र बनवते आणि मैत्रिणीबरोबर क्लबात जाते. त्या एकाच रात्री तिच्या डोळ्यांदेखत रशियन माफिया खून पाडतो, त्यात मैत्रीणही जाते. पोलीस तिला साक्षीदार म्हणून सुरक्षित घरात ठेवतात. रक्षकांतलेच काही फितूर निघतात आणि ती पळते. (आयुष्यात एकदा आईचं ऐकलं नाही तर काय होतं, याचं इतकं सविस्तर उदाहरण आपल्याकडच्या बोधकथांतही सापडणार नाही.) बारा वर्षांनी ती आर्कान्सामधल्या ओझार्क डोंगरांत, बिकफोर्ड नावाच्या गावी ॲबिगेल लोवरी या नावाने राहते. घरी बसून कॉम्प्युटरच्या सुरक्षेची कामं करते. घरभर कॅमेरे आणि कुलपं. कमरेला पिस्तूल. सोबत बर्ट नावाचा दांडगा कुत्रा, ज्याला वेगवेगळ्या भाषांतल्या आज्ञा कळतात. ती कोणाच्या घरी जात नाही, कोणाला घरी बोलावत नाही, गरजेपुरतं बोलते. आणि तिचा समज असा, की त्यामुळे आपल्याकडे कोणाचं लक्ष जात नाही!

इथे मी पुस्तक मिटून मोठ्याने हसले. बाई हार्वर्डला शिकलेली, पण लहान गावात राहिलेली नाही. वरणगावात, माझ्या माहेरी, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत लक्ष वेधून घ्यायचा एकच खात्रीचा मार्ग होता: कोणाशी न बोलणं. जी बाई दिवसभर सगळ्यांशी बोलते तिच्याबद्दल कोणाला कुतूहल नसतं, कारण शिल्लकच काही राहत नाही. दार लावून घेणाऱ्या बाईवर मात्र सगळी गल्ली आळीपाळीने काम करते. तरुण स्त्री, एकटी, मोठा कुत्रा, परसात कॅमेरे. वरणगावात पहिल्या दिवशी तिच्या घरी विरजण मागायला कोणीतरी गेलं असतं, दुसऱ्या दिवशी विरजण परत द्यायला, आणि तिसऱ्या दिवशी तिचा रक्तगट आम्हाला माहीत असता. रशियन माफियाला जे बारा वर्षांत सापडलं नाही, ते आमच्या कुलकर्णीकाकूंच्या पिढीने वाटीभर दह्यात उरकलं असतं.

बिकफोर्डचा पोलीसप्रमुख ब्रूक्स ग्लीसन हेच करतो, फक्त वाटी न घेता. तिला दुकानात पाहतो, तिची ऐट आणि तिचं सावध वागणं त्याच्या नजरेत भरतं, आणि तो तिच्या घरी जाऊन उभा राहतो. ती म्हणते, निघा. तो निघतो आणि पुन्हा येतो. याला त्या कादंबरीत प्रेम म्हणतात. आवडीत याला ‘मामींना सांगू का?’ म्हणतात.

आता आवडीबद्दल सांगायला हवं. नवरा मूळचा अंबरनाथचा, नोकरी रणगाड्यांच्या कारखान्यात, म्हणून मी इथे. चेन्नईच्या पश्चिमेला, अरक्कोणमच्या रुळांवर हे गाव आहे. गाव म्हणते खरी, पण सरकारदरबारी ते कधीच गाव राहिलेलं नाही. २०१९ मध्ये आवडीची महानगरपालिका झाली. २०२२ च्या जानेवारीत आवडीला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. बिकफोर्डला एक ब्रूक्स ग्लीसन आणि हाताखाली मोजके शिपाई. आमच्याकडे अख्खं आयुक्तालय, शिवाय हवाई दलाचा तळ, केंद्रीय राखीव पोलीस दलाचं केंद्र, तमिळनाडू विशेष पोलीस दलाच्या बटालियन, रणगाड्यांचा कारखाना, इंजिनांचा कारखाना, जवानांच्या गणवेशांचा कारखाना आणि रणगाड्यांवर संशोधन करणारी संस्था. या सगळ्यातून वाट काढून एखाद्या रशियन गुंडाला यायचं असेल, तर त्याने आधी टेंडर भरावं.

रशियनांचं इथे एक वेगळंच आहे. नोराबाईंच्या कथेत रशियन म्हणजे खलनायक. आवडीत ते जुने सोयरे. टी-७२ आणि टी-९० हे दोन्ही रणगाडे त्यांचे, दोन्ही आमच्याकडे बांधले गेले. त्याआधी विजयंता होता, विलायती घराण्यातला. तो १९६५ मध्ये इथून बाहेर पडला. आणि आवडीची खरी रोमँटिक सस्पेन्स कथा विचाराल तर ती ‘अर्जुन’ची. १९७४ साली स्वदेशी रणगाड्याला मंजुरी मिळाली, म्हणजे साखरपुडा झाला म्हणा. लष्कराच्या हाती पहिले अर्जुन पडले २००४ मध्ये. तीस वर्षं! मधल्या काळात नवऱ्यामुलाकडून वजन जास्त आहे, रुंदी जास्त आहे, इंजिन परदेशी आहे अशा तक्रारी, आणि २००१ मध्ये तर लष्कराने टी-९० चा करारही करून टाकला. प्रेमाचा त्रिकोण आणखी वेगळा काय असतो? पुढे अर्जुनची सुधारलेली आवृत्ती पंतप्रधानांनी चेन्नईत लष्करप्रमुखांच्या हवाली केली, तारीख होती १४ फेब्रुवारी २०२१. व्हॅलेंटाइन डे. नोरा रॉबर्ट्सला असा शेवट सुचला असता तर संपादकाने ‘फार गोड होतंय’ म्हणून कापला असता.

या गावाचं एक मला अजून उलगडलेलं नाही. कारखान्याच्या आतलं कोणी काही बोलत नाही. नवऱ्याला ‘आज काय केलंत?’ विचारलं तर तो ‘काम’ म्हणतो. निवृत्तीला आलेले चार्जमन, ज्यांनी तीन-तीन जातींचे रणगाडे हाताखालून घातले, ते बायकोजवळसुद्धा एका बोल्टचा नंबर बोलणार नाहीत. देशाची गुपितं इथे साठ वर्षं पोटात राहिली. आणि त्याच माणसांच्या क्वार्टरमध्ये फोडणीला आज लसूण होता की हिंग, हे सेकंड शिफ्ट सुटायच्या आत तिसऱ्या ब्लॉकला ठाऊक. १९५५ च्या जानेवारीत, ढेबरभाई अध्यक्ष असताना, काँग्रेसचं अधिवेशन याच आवडीत भरलं आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. उत्पादनाच्या साधनांचं पुढे काय झालं ते अर्थतज्ज्ञ जाणोत. दुसऱ्याच्या घरातल्या बातम्यांवर मात्र इथे पूर्ण सामाजिक मालकी आली.

वाचता वाचता मी ॲबिगेलला आवडीत आणून पाहिली. चाळा म्हणून. पहिली अडचण गेटवर. लहान गावच्या रहस्यकथेला एक गूढ अनोळखी इसम लागतो, जो पावसाळी संध्याकाळी कॉलर वर करून गावात शिरतो. आमच्या कारखान्याच्या वसाहतीच्या गेटवर त्याला रजिस्टर पुढे करतात. नाव, गाडी नंबर, कोणाकडे जाणार, ब्लॉक, क्वार्टर, मोबाइल, येण्याची वेळ. ‘येण्याचं कारण’ या रकान्यात गूढ इसम काय लिहिणार? ‘सूड’ लिहिलं तर आत सोडणार नाहीत. ‘पाहुणा’ लिहिलं तर ज्याच्याकडे जायचं त्याला फोन लावणार. ‘सार, तुमच्याकडे गेस्ट आलाय, काळा कोट.’ चेन्नईच्या मे महिन्यात काळा कोट. तिथेच पकडला.

दुसरी अडचण प्रेताची. नोराबाईंच्या जातकुळीतल्या कादंबऱ्यांना तळं लागतंच, आणि धुक्याच्या पहाटे त्यात काहीतरी तरंगायला लागतं. तळं आमच्याकडेही आहे. परुतिप्पट्टूचं, चांगलं मोठं, काठाने चालायला रस्ता, बोटी, मुलांना खेळायची जागा. पण तिथे प्रेत ठेवणार केव्हा? पहाटे अंधारातच शुगरवाले हजर. त्यांच्या मागून गुडघेवाले, मग नवीन बूट घेतलेले, मग हसण्याचा क्लब. खुनी कितीही चलाख असला तरी त्याला कोणीतरी थांबवून विचारणार: ‘एवढं ओझं घेऊन चालू नका, कंबर धरेल. माझ्या मेहुण्याचं असंच झालं होतं.’ आणि मग मेहुण्याची सगळी हकीकत, एमआरआयसकट.

तिसरी अडचण प्रेमाची आणि ती सर्वांत अवघड. बिकफोर्डमध्ये ब्रूक्स ॲबिगेलच्या ओट्याशी तिचं चुंबन घेतो तेव्हा बाहेर मैलभर झाडी असते. आवडीत चुंबनाला जागा शोधायची म्हणजे ती लोकलच्या वेळापत्रकात शोधावी लागेल. पटाबिरामच्या मिलिटरी सायडिंगला जाणारी एखादी दुपारची गाडी बऱ्यापैकी रिकामी असते, पण तीत नेमका कोणीतरी कँटीनमधला ओळखीचा निघतोच. म्हणून इथल्या मुली-मुलांनी वेगळी रीत काढली आहे. ते प्रेम चेन्नईत करतात आणि आवडी स्टेशन आलं की वेगवेगळ्या डब्यांतून उतरतात. स्टेशनाबाहेर मोसंबीवाला दोघांना एकत्रच विचारतो, ‘आज उशीर?’

मामींना मी ही कादंबरी रोज थोडी थोडी सांगत होते. मामी स्वतः पट्टीच्या वाचक आहेत. त्यांच्या कपाटात रमणीचंद्रन यांच्या कादंबऱ्यांची चळत आहे: देखणा रागीट नायक, स्वाभिमानी नायिका, एक गैरसमज, आणि शेवटी सगळ्यांचे आशीर्वाद. मामांच्या बाजूला राजेश कुमार. कोइमतूरच्या या गृहस्थांनी दीड हजारांवर कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांचा विवेक गुन्हे सोडवतो आणि त्यातून वेळ काढून बायकोशी, रूपलाशी, चेष्टामस्करी करतो. पट्टुकोट्टै प्रभाकर यांची भरत-सुशीला ही हेरांची जोडी, दोघे मिळून ‘सुभा’ या एकाच नावाने लिहिणाऱ्या लेखकांचे नरेंद्रन-वैजयंती. म्हणजे प्रेम आणि खून एकाच पातळ पुस्तकात बसवण्याची सोय तमिळने आधीच केली आहे, तीही बसस्टँडवर, इडलीच्या भावात. नोरा रॉबर्ट्सच्या नावावर दोनशेंहून अधिक कादंबऱ्या आहेत हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर मामा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘नवीन आहे का?’

मग मलाही चेव आला. आमच्या बाबूराव अर्नाळकरांनीही हजारावर लिहिल्या, म्हटलं, आणि गुरुनाथ नाईकांनीही. भुसावळच्या भाड्याच्या वाचनालयात ती पुस्तकं इतक्या हातांतून गेलेली असत, की शेवटचं पान हमखास गायब. खुनी कोण ते वाचनालयवाल्याला विचारायचं. तो सांगायचा, पण आधी थकलेलं भाडं मागायचा.

बोलता बोलता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मुंबईत वावरतात. दरोडे, वेषांतरं, भूलथापा, सगळं मुंबईत. लहान गावात झुंजारने वेषांतर केलं असतं तर पोरं मागे लागली असती: ‘काका, आज दाढी?’ लहान गाव लागलं ते नारायण धारपांना. का, तर चौकशीतून निभावून जाईल असा तिथे एकच गट असतो: भुतं. तमिळमध्येही हेच. इंदिरा सौंदरराजन यांच्या ‘मर्मदेशम्’मधली ‘विडादु करुप्पु’ ही मालिका नव्वदच्या दशकात सगळ्या तमिळनाडूने श्वास रोखून पाहिली. तिच्यात खेडं आहे, खून आहेत, आणि संशय थेट ग्रामदैवतावर. माणसावर संशय घ्यायला वेळच कुठे मिळणार? माणसांचं सगळं आधीच माहीत असतं.

प्रेमाच्या बाजूने आमच्याकडे चंद्रकांत काकोडकर होते. त्यांचं नाव घेताना मी आवाज बारीक केला. माहेरी त्यांची पुस्तकं विज्ञानाच्या वहीच्या कव्हरात वाचली जात. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९६९ मध्ये ते सुटले. न्यायमूर्तींनी ती वाचली, अश्लील नाही म्हणाले. साहित्य म्हणून मात्र तिचं फारसं कौतुक केलं नाही. जगात एवढ्या वरच्या पातळीवरचं परीक्षण किती लेखकांच्या नशिबी येतं?

आणि मग आमची जुंपली. मामी म्हणाल्या, तुझी ही विटनेस ठीक आहे, पण खरी कथा आमची. ऐक. एक नवरा. बायको त्याच्या डोळ्यांसमोर मरते. तो रडतो. मग पोलीस एका गुन्हेगार बाईला पकडतात. ती म्हणते, मीच याची बायको! चेहरा तोच. घरातल्या, खोलीतल्या गोष्टी सांगते. नवरा वेडा व्हायचा बाकी. कोर्ट! मामींनी इथे कॉफीचा डबरा ओट्यावर आपटला. ‘इदय कमलम्’, १९६५. रविचंद्रन आणि के. आर. विजया.

मी म्हटलं, मामी, हा ‘पाठलाग’ आहे. राजा परांजप्यांचा, १९६४ चा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ या मराठी कादंबरीवरचा.

तेवढ्यात जबलपूरच्या भाभी आल्या. त्यांचा नवरा तिकडच्या गाड्यांच्या कारखान्यातून इथे बदलून आलेला. त्यांनी दारातूनच निकाल दिला, ‘अरे, ये तो मेरा साया है!’ साधना, सुनील दत्त, १९६६.

तिघीही आपापल्या माहेरची बाजू लढवायला बसलो. मी तारखा काढल्या: चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. मराठी आधी. मामी म्हणाल्या, तारखेचं काय, रडवलं कोणी ते बघ. भाभी म्हणाल्या, गाणी कोणाची वाजतात अजून? बरेलीत झुमका हरवल्याची दखल सगळ्या देशाने घेतली, ती तुमच्या पिक्चरमुळे का? यावर मला उत्तर सुचेना.

पण भांडण थोडं निवलं तेव्हा एका मुद्द्यावर तिघींचं एकमत झालं. गोष्टीचं गुपित असं, की बायकोला एक जुळी बहीण असते आणि नवऱ्याला तिचा पत्ताच नसतो. मामी म्हणाल्या, आमच्यात जातकं जुळवताना मुलीच्या आजीच्या माहेरचा पाणी भरणारा कोण ते निघतं. जुळी बहीण सुटेल? भाभी म्हणाल्या, बरं, लपवली. पण लग्नात मामा, मावशी, आत्या सगळ्या आल्या ना? त्यांच्यापैकी एकीच्या तोंडून ‘हुबेहूब दुसरीसारखी दिसते हो’ एवढं गेलं नाही? मी म्हटलं, आमच्याकडे तर बस्त्याच्या यादीत दोन सारख्या साड्या निघाल्या असत्या. तीन भाषांत तो चित्रपट चालला, लोक रडले, पारितोषिकं मिळाली, आणि कोणालाही हे विचारावंसं वाटलं नाही. वकील आहे म्हणे नायक. साक्षीपुराव्यात आयुष्य गेलं आणि घरात मेहुणी मोजता आली नाही.

नोराबाईंच्या बाजूने एक मान्य करायला हवं. ॲबिगेलला कोणीच नाही. आईने तिला वाऱ्यावर सोडलेली. बहीण, आत्या, मावशी काही नाही, म्हणून तिचं गुपित टिकतं. आणि तिला माफियापेक्षा मोठी भीती वाटते ती ब्रूक्सच्या आई-वडिलांकडच्या मेजवानीची. त्याची चित्रं काढणारी आई, बहिणी, त्यांची मुलं, सगळे एकदम अंगावर. पिस्तूल, कॅमेरे, कुत्रा, कशाचाच तिथे उपयोग नाही. ते प्रकरण मी दोनदा वाचलं. खून, गोळीबार, फितुरी, त्या सगळ्यावरून मी पानं भराभर उलटली होती. पण सासूबाई पहिल्यांदा समोर येतात आणि आपण काय बोलावं ते तिला सुचत नाही, तिथे माझ्याही हाताला घाम आला. सस्पेन्स म्हणतात तो हा. मामींनीसुद्धा ते प्रकरण पुन्हा सांगायला लावलं आणि मध्येच विचारलं, ‘साडी कोणती नेसली होती?’

पुढे पुस्तक संपलं. ॲबिगेल आपल्या कॉम्प्युटरच्या करामतीने माफियाचा बंदोबस्त करते, ब्रूक्सचा होकार असतोच, कुत्रा सुखरूप. मामींना शेवट फारसा पटला नाही. लग्नाला मुलीची आई नाही, मग ओटी कोणी भरली? पण कथा त्यांनी मनावर घेतली होती हे मला नंतर कळलं.

आधी इस्त्रीवाल्याने बातमी आणली. टाइप फोरमध्ये एक बाई राहायला आली आहे, एकटी, केवढा तरी कुत्रा घेऊन. मी म्हटलं, असेल. मग जबलपूरच्या भाभींचा फोन: ती बाई बंदूक बाळगते म्हणे, रशियावाल्यांशी काहीतरी झालंय, बहुतेक टी-नव्वदच्या सुट्या भागांवरून. फूलवाल्या अम्मांनी गजरा मोजताना सांगितलं, की बाई फुलं घेत नाही, दारच उघडत नाही, पण कुत्र्याशी तमिळ बोलते. नवऱ्याने जेवताना विचारलं, ‘कोण गं ती?’ कारखान्यात चर्चा होती. त्याने आजवर माझ्याजवळ काढलेली कारखान्यातली ही एकमेव चर्चा.

आणि परवा दुपारी पटाबिरामहून ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. काकू मूळच्या देहूरोडच्या, मुलगा चौतिशीचा, इंजिन फॅक्टरीत, स्थळं पाहून थकलेल्या.

‘अगं, तुझ्या शेजारी कोण मुलगी आली आहे म्हणे? एकटी राहते, कॉम्प्युटरमधली आहे, घरून काम करते, स्वयंपाकाचीही आवड आहे.’

मी म्हटलं, काकू, ती पुस्तकातली...

‘पुस्तकातली असली तर उत्तमच, आमच्या ह्यालाही वाचनाचं वेड आहे. कुत्र्याचं आम्ही जमवून घेऊ. बंदुकीचं बसून बोलू. आडनाव काय तेवढं सांग.’

‘लोवरी,’ माझ्या तोंडून गेलं.

काकू क्षणभर थांबल्या. ‘लोवरी. म्हणजे संगमेश्वराकडचे का गं?’ त्यांनी विचारलं, आणि पलीकडे पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला.